कुडपणची पांढरी पाटी

"ए राहीबाई, हात मागे घे!" कुणीतरी ओरडलं आणि गच्चीवरची सगळी पोरं खो खो हसली. सुप्रिया नावाची ती नवी विद्यार्थिनी दचकली. तिचा हात पांढऱ्या पाटीपासून वीतभर अंतरावर तसाच थांबला आणि मग काही कळलं नसतानाही चारचौघांत वेगळं पडू नये म्हणून तीही हसली. उबेद कठड्याशी बसून सनफोटोमीटरची काच मऊ फडक्याने पुसत होता. तो हसला नाही, पण त्याने मान वर केली हे खरं, आणि मान वर केली नसती तर बरं झालं असतं असं त्याला पुढे दोन दिवस वाटत राहिलं. "राहीबाई कोण?" सुप्रियाने विचारलं. "अगं, आहे एक बाई, तिकडे कुडपणला," तो मघाचा मुलगा म्हणाला, "सरांच्या पहिल्या मोहिमेत तिने पाटी पदराने पुसली. ओल्या पदराने! आख्ख्या मोसमाची मापं बाद. तेव्हापासून आमच्याकडे कुणी पाटीला हात लावायला गेलं की ती राहीबाई. पुण्यात तर सर्वर बंद पडला तरी म्हणतात, कुणी राहीबाई केली रे? या उबेदभाईंना विचार, ते होते ना तिथे." सगळे उबेदकडे बघू लागले. "होतो," उबेद म्हणाला. "झाली त्याला सहा वर्षं." आणि त्याने मान डोलावली. कुणी मागितली नव्हती तरी साक्ष देऊन तो मोकळा झाला.

महाडच्या त्या गच्चीवर दर जानेवारीत पुण्याहून अशी पोरं यायची. उबेद त्यांना तीच तीच माहिती द्यायचा आणि ती देताना त्याला अजूनही थोडी ऐट वाटायची. ही पेटी सूर्यावर रोखायची, सूर्याचा ठिपका बरोबर तिच्यावरच्या दोन रेघांच्या छेदावर आला की बटण दाबायचं. वरून निघालेल्या उजेडातला किती इथवर पोचला ते ती सांगते, आणि जो पोचला नाही तो वाटेत धुळीने, धुराने, समुद्राकडून आलेल्या मिठाच्या कणांनी गिळला असं समजायचं. तीन मापं घ्यायची, त्यातलं सगळ्यांत मोठं ठेवायचं. दुसरं यंत्र खाली बघतं. कातळ किती उजेड परत देतो, वाळलं गवत किती, भाजलेली जमीन किती. आणि हे सगळं कशाशी ताडून बघायचं, तर या पांढऱ्या पाटीशी, कारण ही पाटी पडलेला जवळजवळ सगळा उजेड परत करते. म्हणून तिला बोट लावायचं नाही, पाणी लावायचं नाही, फुंकरसुद्धा मारायची नाही. ही पाटी बिघडली की तिच्याशी ताडलेलं प्रत्येक माप बिघडतं. हे शेवटचं वाक्य तो जरा थांबून, ठसवून म्हणायचा. त्या दिवशी दुपारी त्याने ते म्हटलंच नाही, आणि पोरांच्या ते लक्षातही आलं नाही.

घरी जेवताना भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला. "काय झालाय तुमाला?" बायकोने, बिल्किसने विचारलं. "कुणी काय बोलला काय?" तो नाही म्हणाला. बिल्किसला सांगण्यासारखं काय होतं? एका बाईच्या नावाची पोरं थट्टा करतात, एवढंच ना? पण नाव ही काय चीज असते हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. शाळेत मास्तर हजेरी घेताना त्याचं नाव नीट घ्यायचे नाहीत तेव्हा तो रडत घरी यायचा. इथे तर एका जित्या बाईचं नाव पुण्यातल्या थंडगार खोल्यांतून, तिला कधी न दिसलेल्या माणसांच्या तोंडी, अडाणीपणाचं दुसरं नाव होऊन फिरत होतं. कळशी उचलताना, गुरं बांधताना तिला त्याचा पत्ताही नसेल. आणि ते नाव कुणी दिलं? पोरांनी नव्हे. ते नोंदवहीत त्याने स्वतः, वळणदार अक्षरात लिहिलं होतं. "उद्या कुडपणला जातो," तो म्हणाला. "काम हाय?" "काम हाय." बिल्किसने भाकरी झाकून ठेवली.

पोलादपूरला जीप भरेपर्यंत तो चहाच्या टपरीशी उभा राहिला. जीप भरली, निघाली, घाट चढू लागली, आणि उबेदला सहा वर्षांपूर्वीचा तो पहिला चढ आठवला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. भाऊ मुराद कुवेतला होता आणि दर पत्रात लिहायचा, व्हिसा तयार आहे, ये. बाप ट्रकच्या धंद्यातला. तो म्हणायचा, उन्हाकडे डोळे लावून बसायला कोण नोकरी देतो? पण पुण्याच्या सरांनी दिली होती. तात्पुरती, मोसमापुरती, काम चांगलं झालं तर मार्चअखेर कायम करू असं म्हणून दिली होती. बिरवाडीतल्या एका छपरावर एक पेटी, कारखान्यांचा धूर मोजायला, आणि दुसरी कुडपणच्या पठारावर, जिथे धूर नाही तिथलं आभाळ मोजायला. दोन्हींतला फरक म्हणजे माणसाची करणी, असं सर म्हणायचे. उबेदला ते वाक्य फार आवडलं होतं. त्याने ते बापालाही ऐकवलं होतं आणि बापाने बिडीचा धूर त्याच्या तोंडावर सोडून, हे मोज, असं म्हटलं होतं.

कुडपणला हैबतीच्या पडवीत त्याचं सामान लागलं. हैबतीची बायको राहीबाई. पहिल्याच दिवशी भाकरी पुढे करताना तिने विचारलं होतं, "आमच्या हातचा चालंल ना रे तुला?" आणि तो ओशाळून हसला होता, कारण घरून निघताना आईने हाच प्रश्न उलट बाजूने विचारला होता. हात. तिचे हात त्याला आत्ताही, जीपमध्ये कुणाच्यातरी कोंबड्यांच्या डालग्यापाशी पाय अवघडून बसला असताना, स्पष्ट दिसत होते. रुंद, भेगाळलेले, नखांत शेण आणि राख, आणि तरी कमालीचे हलके. वाडीतल्या बायकांची बाळंतपणं तीच करायची. पाच-सहा वाड्यांतून तिला रात्री-अपरात्री बोलावणं यायचं. हैबती थट्टेने म्हणायचा, "या पठारावरची निम्मी पोरं पहिल्यांदा हिच्या तोंडाकडं बघून रडल्यात." न्हाणीच्या दगडावर पाय लांब सोडून, पायांवर कुणाचंतरी तान्हं पालथं घालून ती त्याला तेल चोळत, पाणी घालत असायची; पोर कोकलत असायचं आणि ती त्याच्याशी गुरांशी बोलावं तसं शांत बोलत असायची. उबेद पेटी सूर्यावर रोखून तिकडेच बघत राही आणि ठिपका छेदावरून सरके. "तुजा सूर्य पळाला बघ," ती म्हणायची.

सहा आठवडे तो तिथे राहिला. शेतांत पालापाचोळा पसरून राब भाजायला लागले तशी आभाळाची मापं बदलली आणि धूर काय फक्त बिरवाडीतच नसतो हे त्याला कळलं. बकरीईदला तो दोन दिवस महाडला गेला आणि परत येताना आईने तांदळाची सांदणं बांधून दिली, वर खोबरं-गुळाचं तेलकट काहीतरी थापलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला उपग्रह डोक्यावरून जायचा होता. नेमक्या त्या वेळी कातळाचं माप घ्यायचं, म्हणजे वरून दिसतं ते आणि खालून दिसतं ते जुळतं का हे बघता येतं. सव्वादहाला तो कातळावर बसून सांदण खात होता. हातमोजे पिशवीत होते. पाटी तिवईवर उघडी होती, कारण उघडायला वेळ जाऊ नये म्हणून त्याने ती आधीच उघडून ठेवली होती. हुशारी केली होती. वारा आला. तिवई कलली. आणि पडणारी वस्तू बघून कुठल्याही माणसाचा जसा होईल तसाच त्याचा हात पुढे झाला. त्याने ती झेलली. चार बोटं मागे आणि तेलकट अंगठा पुढे, बरोबर मध्यभागी.

एवढंच घडलं होतं. हे एवढंच असतं तर कदाचित उबेद आज या जीपमध्ये बसला नसता. अंगठ्याचा डाग बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने रुमालाने तो टिपला, डाग पसरला. रुमालाचं टोक जरासं ओलं करून पुन्हा टिपला. पाटी जिची बनली होती ती पांढरी भुकटी दबून तिथे तळहाताएवढा पिवळसर ओघळ झाला. माप त्याने घेतलं, कसंबसं, आणि पाटी घेऊन खळ्यावर आला, ती भिंतीशी उन्हात टेकवून ठेवली आणि तोंडावर पाणी मारायला झऱ्याकडे गेला. मार्चअखेर. मुराद. व्हिसा. सरांना काय सांगू? परत येताना वळणावर आंब्याच्या बुंध्याशी तो आला आणि त्याला राहीबाई दिसली. ती पाटीसमोर वाकली होती. तिने पदराचं टोक घागरीत बुडवलं, पिळलं, आणि देवाची तसबीर पुसावी तशी ती पाटी पुसू लागली. सावकाश, मायेने, गोल गोल. अंतर वीस पावलांचं असेल. एक हाक पुरली असती. उबेदचं तोंड उघडलंही होतं. आणि मग, हे त्याने आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं, अल्लाहसमोर हात पसरतानाही तो या जागेशी येऊन वाट बदलायचा, मग त्याने तोंड मिटलं आणि दोन पावलं मागे सरून तो बुंध्याआड उभा राहिला. तिचं पुसून होईपर्यंत. त्याला काय वाटत होतं? भीती नव्हे. त्याला सुटल्यासारखं वाटत होतं. छाती हलकी झाली होती, आणि आंब्याच्या मोहराचा वास येत होता, आणि तो वास त्याला चक्क आवडला होता. शरमेचं मूळ ते होतं. डाग पडणं नव्हे. तो सुटकेचा गोड वास.

दोन दिवसांनी सर आले. पाटी बघून त्यांचा चेहरा पांढराफटक झाला. ते वाईट माणूस नव्हते; आठ महिने खपून त्यांनी भुकटी दाबून ती पाटी बनवून घेतली होती. शेवटची पडताळणी आता होणार नव्हती, म्हणजे मोसमभराची जमिनीची सगळी मापं लटकली होती. "हे कोणी केलं? ह्या बाईंनी पुसली का?" त्यांनी विचारलं. उत्तर प्रश्नातच तयार होतं, उबेदला फक्त त्यात जाऊन बसायचं होतं. "पुसली असेल, सर," तो म्हणाला. असेल! राहीबाई पुढे आली, म्हणाली, "पुसली मी. घाण झाल्याली म्हून पुसली." मग सरांचा तोल गेला. खळ्यावर सात-आठ माणसं होती, बायका होत्या, तिच्या हातांवर जन्मलेली पोरं होती. "हे हात बघा तुमचे!" सर ओरडले. "ह्या हातांनी बाळंतपणं करता तुम्ही? आश्चर्य आहे पोरं जगतात! पुन्हा कशाला हात लावू नका, कशाला म्हणजे कशाला." राहीबाईने आपले हात उलटेसुलटे करून खरंच बघितले. मग ते पदराखाली घेतले. उबेद नोंदवही उघडून लिहीत होता: स्थानिक महिलेने, कंसात राहीबाई, ओल्या कापडाने पाटी पुसली. मार्चअखेर तो कायम झाला.

"कुडपण," जीपवाला म्हणाला. उबेद उतरला आणि पाय मोकळे करण्याच्या मिषाने जरा वेळ उभा राहिला. परत जाणारी जीप तीच होती. ती वळत होती. त्याच्या मनात आलं, बसावं आणि जावं. पण पायवाटेने येणाऱ्या एका पोरसवदा बाईने विचारलंच, "कुणाकडं?" आणि राहीबाईचं नाव ऐकून ती म्हणाली, "माझी सासू ती. मी तुळसा, गणूची बायको. चला." तिचे दिवस भरत आले होते. चालताना ती एक हात कमरेवर ठेवत होती आणि तरी तोंड चालूच होतं. गणू मुंबईला, मामंजी दोन वर्षांमागे गेले, आत्याबाईंचे गुडघे धरतात. "तुम्ही ते उन्हवाले ना? आत्याबाईंच्या बोलण्यात येता तुम्ही." कसा येतो, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही.

राहीबाई खळ्यावर बसली होती. तिने डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि ओळखलं. "उबेद? किती रोडावलास रे! बस, बस. आई बरी हाय ना?" ती वाकली होती, केस पिकले होते. बाजूला दोनेक वर्षांची पोर मातीत खेळत होती. ती दुडदुडत राहीबाईच्या मांडीशी आली आणि वर चढू लागली, तेव्हा म्हातारीने तिला कोपराने, हळूच, बाजूला केलं. "आईकडं जा गो." उबेदला ते विचित्र वाटलं. कोपराने का? तुळसाच्या ते लक्षात आलं असावं. "घेत नायत," ती म्हणाली. "आख्ख्या पठाराच्या पोरांना न्हाऊ घातलानी, पन या नातीला एक दिस हात लावला नाय. किती रडले मी. आईपन नाय मला. आता दुसरा येतोय, तरी म्हंतात, माझा हात नको. तुम्ही तरी सांगा यांना. शिकल्याले हाव तुम्ही."

"गप गो," राहीबाई म्हणाली. "त्याला ठाव हाय. तो व्हता तवा." आणि उबेदकडे वळून, एखाद्या शेजाऱ्याला पावसापाण्याचं सांगावं तशी म्हणाली, "नाय रे लावत मी आता. त्या दिसापास्नं नाय. एवढी भारी चीज नासली माझ्या हातानं, तुजा साहेब रडायला आल्याला. म्हटला, आपल्याला जे कळत नाय त्याला हात कशाला लावावा? आनि पोराचा तरी आपल्याला काय कळतं? इतकी वर्सं निभावला ते निभावला."

अडाणी म्हणून तिचं नाव झालं, ती थट्टा, पुण्याच्या त्या खोल्या, ज्याच्यासाठी उबेद आला होता ते सगळं एकदम बारीक झालं. त्याने नाव घालवलं नव्हतं. त्याने हात घालवले होते. "राहीबाई," तो म्हणाला, "तो डाग तुमचा नव्हता. माझा होता. तुम्ही पुसायच्या आधीच पाटी बिघडली होती. मी खाता खाता धरली, माझा अंगठा लागला तिला. मग मीच ओला रुमाल लावला. तुम्ही काही केलं नाही. मी खोटं बोललो सरांना."

म्हातारीच्या तोंडावर जे हसू आलं ते बघून उबेद घाबरला. त्यात राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. "ऐकलास गो तुळसा?" ती म्हणाली. "सहा वर्सांनी एवढा डोंगर चढून आलाय, म्हातारीच्या जिवाला बरा वाटावा म्हून. अरे, तो डाग आमच्या गाईच्या पाडशीनं शेपूट मारल्याला त्याचा. मी डोळ्यांनी बघितला ना, पाडशी तिथंच बांधल्याली. बारका व्हता डाग. मी पुसाया गेले आनि पसरला. माझ्या हाताखाली पसरला, मला नाय ठाव?"

"नाही हो, पाडशी नव्हे. मी..."

"बरा, बरा. तूच." तिने लहान मुलाची समजूत काढावी तशी मान हलवली. "तवाबी तू बिचारा 'असंल' म्हनालास, 'पुसली' नाय म्हनालास. मला कळला व्हता तो. म्हातारीला वाचवाया बघत व्हतास तू. देवमानूस हाय गो हा, तुळसा. आपल्या जातीचा ना पातीचा, पन माझा दोष आपल्या अंगावर घेतो."

तुळसाचे डोळे भरले होते. ती उबेदकडे अशा नजरेने बघत होती की त्याला ती नजर सहन होईना. तो पुन्हा बोलला, शपथ घेतली, अंगठा दाखवला. आणि जितकं जास्त बोलला तितका त्या दोघींच्या डोळ्यांत मोठा होत गेला. त्याच्या ध्यानात आलं की एक वाक्य उरलं आहे. फक्त एक. ते म्हटलं तर हिला पटेल, कारण तशी गोष्ट कुणी कुणाच्या समाधानासाठी बनवून सांगत नाही. तुम्ही पुसत होतात तेव्हा मी त्या आंब्याआड उभा होतो, तुम्हाला बघत होतो, आणि मला बरं वाटत होतं. हे म्हटलं की तिचं हसू जाईल. ती त्याला खळ्यावरून हाकलेल, वाडी गोळा करील, थुंकेल कदाचित. आणि मग, राग ओसरल्यावर, उद्या नाहीतर चार दिवसांनी, ती आपले हात उलटेसुलटे करून बघेल आणि त्यांत काही वावगं नव्हतं हे तिला कळेल. येणाऱ्या पोराला न्हाऊ घालील. सगळं त्या एका वाक्यात होतं आणि ते वाक्य जिभेवर होतं. वीस पावलं. एक हाक. उबेदने तोंड उघडलं.

"तुळसा, दूध तापव गो," राहीबाई म्हणाली. "साखर घाल भरपूर. पाव्हना हाय."

तुळसा कमरेवर हात ठेवून उठली. ती आत गेली, चूल फुंकल्याचा आवाज आला, धूर पडवीत आला. मातीतली पोर पुन्हा म्हातारीकडे दुडदुडत आली आणि म्हातारीने पुन्हा कोपर पुढे केलं. उबेद ते बघत होता. तोंड उघडं आहे हे त्याला कळत होतं, आणि ते केव्हा मिटलं हेही कळलं. पेला आला. साय दाट होती. तुळसाने तो त्याच्या हातात दिला आणि वाकून, पोट सांभाळत, त्याच्या पायांना हात लावून नमस्कार केला. त्याने तिला अडवलं नाही. राहीबाई पदराखाली हात घेऊन, मान कलती करून, तो पितो का नाही ते कौतुकाने बघत होती.

"गोड हाय ना?" तिने विचारलं.

"हाय," उबेद म्हणाला, आणि तो पेला तळापर्यंत प्यायला.